लोणच्यातलं मीठ, आंबट किंवा तेल वगळताय? पथ्य ताटात पाळा, बरणीत नको

उन्हाळ्यात कैऱ्या आणि हिवाळ्यात गाजर, फ्लॉवर, मटार बाजारात आले की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, तुम्ही मीठ कमी करायला सांगितलंत, म्हणून यंदा लोणच्यात मीठ नावापुरतंच घातलं. घरचंच आहे, चालेल ना?" कोणी कोलेस्टेरॉल वाढलंय म्हणून तेल घातलेलं नसतं. कोणी केमिकल नको म्हणून व्हिनेगर टाळलेलं असतं. कोणी पित्त होतं म्हणून लिंबू वगळलेलं असतं.

यामागचा हेतू चांगलाच असतो. घरातल्या आजारी माणसाला त्याच्या आवडीचं खाता यावं, म्हणून कोणीतरी मुद्दाम वेगळी बरणी भरलेली असते. पण लोणच्यातले काही पदार्थ चवीसाठी असतात, तर काही राखणीसाठी. चवीचा पदार्थ वगळला तर लोणचं बेचव होतं. राखणीचा पदार्थ वगळला तर ते धोकादायक होऊ शकतं, आणि तो धोका दर वेळी डोळ्यांना किंवा नाकाला कळतोच असं नाही.

थोडक्यात सांगायचं तर

- कैरी, लिंबू, आवळा यांचा स्वतःचा आंबटपणा भरपूर असतो. त्यांच्या लोणच्यात मीठ किंवा तेल कमी पडलं तर बहुतेक वेळा ते नासतं, बुरशी येते, आणि ते दिसतं.
- गाजर, फ्लॉवर, मटार, लसूण, ओली हळद, हिरवी मिरची, बांबूचे कोंब यांना स्वतःचा आंबटपणा नसतो. त्यांच्या लोणच्यात मीठ आणि आंबट दोन्ही कमी पडलं आणि बरणी बाहेर ठेवली, तर विषबाधेचा गंभीर धोका असतो.
- मोहरी, मेथी, हिंग, तिखट कमी केलं तर चव बदलते. सुरक्षितता फारशी बदलत नाही.
- रक्तदाबासाठी मीठ कमी करायचं असेल तर लोणचं कमी खा. साठवणीच्या लोणच्यातलं मीठ कमी करू नका.

लोणचं महिनोन् महिने टिकतं कशामुळे?

चिरलेली भाजी बाहेर ठेवली तर दोन दिवसांत नासते. तीच भाजी लोणच्यात वर्षभर राहते, कारण तिथे जंतूंना वाढता येत नाही. हे काम चार गोष्टी मिळून करतात.

पहिली गोष्ट मीठ. मीठ फोडींमधलं पाणी ओढून घेतं. आपण त्याला खार सुटला म्हणतो. उरलेलं पाणीही इतकं खारट होतं की बहुतेक जंतूंना त्याचा उपयोग करता येत नाही. म्हणजे लोणचं ओलं दिसत असलं तरी जंतूंच्या दृष्टीने ते जवळजवळ कोरडं असतं.

दुसरी गोष्ट आंबटपणा. पदार्थ किती आंबट आहे हे पीएच या मापाने मोजतात. पीएचचा आकडा जितका कमी, तितका पदार्थ जास्त आंबट. लिंबाचा रस आणि कच्ची कैरी यांचा पीएच साधारण २ ते ३ च्या आसपास असतो. गाजर, फ्लॉवर, लसूण यांचा साधारण ५ ते ६.५ च्या दरम्यान. पुढे ४.६ हा आकडा महत्त्वाचा ठरणार आहे, तो लक्षात ठेवा.

तिसरी गोष्ट तेल. तेल जंतू मारत नाही, ते हवा अडवतं. बुरशीला वाढायला हवा लागते, म्हणून लोणच्यावर तेलाचा थर असला की बुरशी येत नाही. पण याची दुसरी बाजूही आहे, ती पुढे पाहू.

चौथी गोष्ट कोरडेपणा. फोडी पुसून घेणं, भाजी सावलीत सुकवणं, बरणी उन्हात तापवणं, ओला चमचा न घालणं, फोडणी पूर्ण थंड करून ओतणं या सगळ्या सवयींचा उद्देश एकच, बाहेरचं पाणी आत जाऊ नये.

भारतात विकल्या जाणाऱ्या लोणच्यांसाठीची सरकारी मानकंही याच तत्त्वावर आहेत. मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात किमान १२ टक्के मीठ लागतं. व्हिनेगरमधल्या लोणच्याच्या पातळ भागात किमान २ टक्के आम्ल लागतं. तेलातल्या लोणच्यातल्या तेलाचंही किमान प्रमाण ठरलेलं आहे. म्हणजे लोणच्याचे प्रकार वेगळे असले तरी प्रत्येकाचा एकतरी राखणदार ठरलेला आहे. आपण घरी एखादा पदार्थ वगळतो, तेव्हा हा राखणदारच काढून टाकत नाही ना, हे पाहायला हवं.

नासलेलं लोणचं आणि विषारी लोणचं

लोणचं नासलं की ते दिसतं. वर पांढरा थर येतो, हिरवी-काळी बुरशी येते, लोणचं फसफसतं, वास बदलतो, फोडी बुळबुळीत होतात. असं लोणचं खाल्लं तर उलट्या, जुलाब, पोटदुखी होऊ शकते. वयस्कर माणसं, मधुमेहाचे आणि किडनीचे रुग्ण यांना तेवढंही जड जातं. पण निदान लोणचं बिघडल्याची सूचना आधी मिळालेली असते.

बोट्युलिझम या विषबाधेत मात्र अशी सूचना मिळेलच असं नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जंतू मातीत असतो. त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं रूप, जमिनीत आणि जमिनीलगत वाढणाऱ्या भाज्यांवर असू शकतात. ताज्या भाजीत ते निरुपद्रवी असतात. आपण रोज खातो त्या गाजरावरही ते असतील, त्याने निरोगी मोठ्या माणसाला काही होत नाही.

हे बीजाणू जागे होऊन विष तयार करू लागतात ते विशिष्ट परिस्थितीत. हवा नसावी, ओलावा असावा, आंबटपणा कमी म्हणजे पीएच ४.६ पेक्षा जास्त असावा, मीठ कमी असावं आणि तापमान घरातल्यासारखं असावं. आता मीठ आणि लिंबू कमी घालून, तेलात बुडवून, घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवलेलं गाजर-लसणाचं लोणचं डोळ्यांसमोर आणा. यातली प्रत्येक अट तिथे पूर्ण होते. तेलाची दुसरी बाजू ती हीच. बुरशीला दूर ठेवणारा तेलाचा थर या जंतूला हवी तशी हवाबंद जागा करून देतो.

हे विष अतिशय कमी मात्रेतही घातक असतं. त्याने लोणच्याची चव, वास किंवा रंग बदलेलच असं नाही. म्हणून "जरा चाखून बघते, बरं आहे का" हा प्रयोग संशयास्पद बरणीवर कधीही करू नका.

हा आजार दुर्मिळ आहे, हेही तितकंच खरं. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोणची घातली जातात आणि कोणाला काही होत नाही, हे तुम्ही म्हणाल. ते बरोबर आहे. पण ती लोणची भरपूर मीठ आणि आंबट घातलेली असतात, म्हणून काही होत नाही. कृतीतला तो भाग काढून टाकला, तर परंपरेचा दाखला त्या बरणीला लागू होत नाही.

असं खरोखर कुठे झालं आहे का?

होय. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात एका उपाहारगृहात जेवलेल्या ३६ जणांना बोट्युलिझम झाला. कारण निघालं तेलात ठेवलेला चिरलेला लसूण. त्यात आम्ल घातलेलं नव्हतं आणि तो फ्रिजमध्ये न ठेवता बाहेर ठेवलेला होता. त्यातल्या अनेक रुग्णांचं निदान सुरुवातीला चुकलं, कारण हा आजार डॉक्टरांच्याही क्वचितच पाहण्यात येतो.

२००६ साली थायलंडच्या नान प्रांतात २०९ गावकरी एकाच वेळी आजारी पडले. सर्वांनी डब्यात बंद करून साठवलेले बांबूचे कोंब खाल्ले होते. ४० हून जास्त रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. कोंब शिजवून डबाबंद केलेले होते, पण आम्ल घातलेलं नव्हतं. आपल्याकडे कोकणात, गोव्यात आणि विदर्भातही पावसाळ्यात बांबूचे कोंब आवडीने खाल्ले जातात, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं.

२०१५ साली अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सामुदायिक जेवणात २९ जणांना ही बाधा झाली आणि एकाचा मृत्यू झाला. घरी बरणीबंद केलेल्या बटाट्यांचं सॅलड हे त्याचं कारण होतं. बरण्या उकळत्या पाण्यात ठेवून बंद केल्या होत्या. बटाट्यासारख्या आंबट नसलेल्या भाजीला तेवढी उष्णता पुरत नाही.

भारतातही या आजाराची नोंद आहे. १९९६ साली गुजरातमधल्या एका निवासी शाळेत ३४ विद्यार्थी आजारी पडले, त्यातले ३ दगावले. तिथे संशय शेवेवर होता, लोणच्यावर नव्हता. हा आजार फक्त परदेशात होतो असं समजू नये, एवढंच त्यातून घ्यायचं.

कोणता पदार्थ वगळला तर काय होतं?

*मीठ वगळलं किंवा निम्मं केलं*

कैरी-लिंबाच्या लोणच्यात आंबटपणा शिल्लक असतो, त्यामुळे बोट्युलिझमचा धोका कमी राहतो. पण खार कमी सुटतो, फोडी मऊ पडतात, बुरशी आणि यीस्ट लवकर येतात. असं लोणचं फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवावं. भाज्यांच्या लोणच्यात मीठ कमी केलं तर सगळा भार लिंबू किंवा व्हिनेगरवर येतो. तेही कमी असेल तर राखणदार उरतच नाही.

सैंधव घातलं म्हणजे मीठ टाळलं असं होत नाही. सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, ते रक्तदाब तसाच वाढवतं. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा रक्तदाबाच्या, हृदयाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ते मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

*लिंबू किंवा व्हिनेगर वगळलं*

भाज्यांच्या लोणच्यात ही सर्वांत मोठी चूक. कैरीच्या लोणच्यात व्हिनेगर नसलं तरी चालतं, कारण कैरी स्वतः आंबट आहे. त्याच मसाल्यात कैरीऐवजी गाजर घातलं, तर लोणच्यातला आंबटपणा गेला. हे अनेकांच्या लक्षात येत नाही, कारण मसाला तोच, बरणी तीच आणि हातही तोच असतो.

व्हिनेगर वापरत असाल तर बाटलीवर आम्लाचं प्रमाण पाहा. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांवर ते ४ टक्के असतं. परदेशी कृतींमध्ये सहसा ५ टक्क्यांचं व्हिनेगर धरलेलं असतं आणि त्यात निम्मं पाणी घालायला सांगितलेलं असतं. तेच प्रमाण ४ टक्क्यांच्या व्हिनेगरला लावलं तर लोणचं पुरेसं आंबट होत नाही. अशा वेळी पाणी घालू नका. चव फार आंबट वाटली तर थोडी साखर घाला, त्याने आंबटपणा लपतो, कमी होत नाही.

*तेल वगळलं*

हे नेहमीच धोकादायक नसतं. उपवासाच्या लिंबाच्या लोणच्यात तेल, मोहरी काहीच नसतं, तरी ते टिकतं, कारण लिंबू, मीठ आणि साखर राखणीला असतात. कैरीच्या लोणच्यात तेल कमी घातलं तर वरच्या फोडी उघड्या पडतात आणि त्यांना बुरशी येते. म्हणून तेल कमी करायचं असेल तर लोणचं थोडं घाला, फ्रिजमध्ये ठेवा आणि फोडी खारात बुडालेल्या राहतील असं पाहा. कोलेस्टेरॉलची काळजी असेल तर खाताना तेल निथळून फोड घेता येते, बरणीतलं तेल कमी करायची गरज नाही.

*साखर किंवा गूळ वगळला*

मधुमेहासाठी मोरंबा, साखरांबा, गुळांबा बिनसाखरेचा केला जातो. या पदार्थांत साखर मिठाचंच काम करते, पाणी बांधून ठेवते. साखरेऐवजी वापरल्या जाणाऱ्या गोड गोळ्या किंवा पावडरी हे काम करत नाहीत. आवळा-कैरी आंबट असल्याने मोठा धोका टळतो, पण बुरशी लवकर येते. असा पदार्थ फ्रिजमध्येच ठेवा आणि आठवडाभरात संपवा.

*मोहरी, मेथी, हिंग, हळद, तिखट वगळलं*

मोहरीच्या डाळीत जंतूंना थोडाफार आळा घालणारे घटक असतात, पण लोणचं त्यांच्या भरवशावर टिकत नाही. मूळव्याध, ॲलर्जी किंवा पोटाच्या त्रासामुळे हे मसाले कमी करायचे असतील तर निर्धास्त करा. मीठ आणि आंबट मात्र पूर्ण ठेवा.

*प्रिझर्व्हेटिव्ह वगळलं*

घरच्या लोणच्याला सोडियम बेन्झोएटची गरज नाही, पण बाकीचं प्रमाण नीट हवं. उलटही खरं आहे. बेन्झोएट आंबट पदार्थातच नीट काम करतं. आंबटपणा नसलेल्या भाजीत चिमूटभर पावडर टाकली म्हणजे ती सुरक्षित झाली, असं होत नाही.

नेहमी ऐकू येणारे काही गैरसमज

*"मी भाजी उकळून घेतली होती."* उकळल्याने जंतू मरतात, बीजाणू मरतातच असं नाही. ते मारण्यासाठी कारखान्यांत दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सियस तापमान ठरावीक वेळ ठेवतात. घरचा कुकर स्वयंपाकासाठी असतो, बरण्या निर्जंतुक करून साठवण्यासाठी त्यावर विसंबू नये.

*"बरणी उकळत्या पाण्यात ठेवून हवाबंद केली."* ही पद्धत फक्त पुरेशा आंबट पदार्थांसाठी आहे. परदेशातल्या मराठी घरांमध्ये तिकडच्या बरण्या आणि इकडची कृती असा मेळ घातला जातो, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. आंबटपणा नसलेली भाजी हवाबंद करणं म्हणजे धोका वाढवणं. आपल्याकडे बरणीला दादरा बांधायचे, घट्ट बसणारं झाकण नव्हतं.

*"उन्हात ठेवलं होतं."* उन्हाने ओलावा कमी होतो, लोणचं मुरायला मदत होते. त्याने बीजाणू मरत नाहीत.

*"वरची बुरशी काढून टाकली, खालचं चांगलं आहे."* बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल जातात. शिवाय बुरशी लोणच्यातलं आम्ल खाऊन टाकते, म्हणजे खालच्या लोणच्याचा आंबटपणाही कमी होतो. अशी बरणी पूर्ण टाकून द्यावी.

*"फ्रिजमध्ये आहे, आता काही होत नाही."* थंडीमुळे जंतूंची वाढ मंदावते, पूर्ण थांबत नाही. आंबट न घालता तेलात ठेवलेला कच्चा लसूण फ्रिजमध्येही चार दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

मग रक्तदाबाच्या रुग्णाने लोणचं खावं की नाही?

थोडा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. लोणच्यात १२ टक्के मीठ धरलं, तर १० ग्रॅम लोणच्यात, म्हणजे साधारण एका लहान चमच्यात, १.२ ग्रॅम मीठ येतं. दोन्ही जेवणांत एकेक चमचा घेतला तर दिवसाचं निम्मं मीठ लोणच्यातच संपलं. पण अर्धी बोटभर फोड, म्हणजे दोन-अडीच ग्रॅम लोणचं घेतलं, तर मीठ ०.३ ग्रॅमच्या आसपास येतं.

आता निम्म्या मिठाच्या लोणच्याचा विचार करा. ते "पथ्याचं" आहे म्हणून माणूस बिनधास्त दोन चमचे वाढून घेतो. पोटात मीठ तितकंच जातं, आणि वर बरणी लवकर बिघडते. यात काहीच साधत नाही.

म्हणून माझा सल्ला असा असतो:

- घरात लोणचं नेहमीच्या प्रमाणानेच घाला. पथ्याच्या माणसाला रोज नाही, तर अधूनमधून एखादी छोटी फोड द्या.
- बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. लोणचं वाढून द्या, स्वतःहून घ्यायला ठेवू नका.
- लोणचं असेल त्या दिवशी पापड आणि आमटीतलं वरचं मीठ टाळा.
- आंबट-तिखटाची आवड भागवायला ताजं करा. किसलेली कैरी, आल्याचे काप लिंबाच्या रसात, दह्यातली कोशिंबीर, लसूण न घातलेली पुदिन्याची चटणी, यात मीठ हवं तितकं कमी ठेवता येतं. ते साठवायचं नसतं, म्हणून चालतं.
- भाज्यांचं कमी मिठाचं लोणचं हवंच असेल तर वाटीभर करा, लिंबू भरपूर पिळा, फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन-चार दिवसांत संपवा.

हृदय कमजोर असलेल्या, अंगावर सूज येणाऱ्या किंवा किडनीचा आजार असलेल्या रुग्णांना एवढंही मीठ चालेल का, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. काहींना लोणचं पूर्ण बंद ठेवावं लागतं.

घरात आत्ता अशी बरणी असेल तर?

आधी तीन प्रश्न विचारा. लोणचं कशाचं आहे? त्यात मीठ आणि आंबट किती घातलं होतं? बरणी कुठे ठेवली होती?

- कैरी, लिंबू, आवळा असेल, बुरशी किंवा वास नसेल, फक्त मीठ किंवा तेल कमी असेल, तर बरणी फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा.
- भाज्या, लसूण, ओली हळद किंवा कोंब असतील आणि आंबट घातलेलंच नसेल किंवा नावाला घातलं असेल, आणि बरणी बाहेर ठेवलेली असेल, तर ती टाकून द्या. दिसायला चांगली असली तरी. नंतर वरून लिंबू पिळून किंवा मीठ घालून ती सुरक्षित होत नाही, कारण आधीच तयार झालेलं विष त्याने जात नाही.
- झाकण फुगलेलं असेल, उघडताना फस्स आवाज होऊन लोणचं उसळत असेल, तर कोणत्याही प्रकारचं असलं तरी टाका.

टाकताना बरणी रिकामी करत बसू नका. झाकण लावून, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात द्या. गाई, कुत्री, मांजरं यांच्या तोंडी लागेल असं उघड्यावर टाकू नका. नंतर हात आणि ओटा साबणाने धुवा.

जीव हळहळेल. तेल, मसाला, दिवसभराची मेहनत वाया गेली असं वाटेल. घरातल्या मोठ्यांना ते अन्नाचा अपमान वाटेल. त्यांना हे शांतपणे समजावून सांगा, पण बरणी ठेवू नका.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

बोट्युलिझमची लक्षणं बहुतेक वेळा खाल्ल्यावर १२ ते ३६ तासांत सुरू होतात. कधी काही तासांत, तर कधी आठवड्याहून जास्त उशिराही सुरू होऊ शकतात. त्यामुळे "लोणचं तर परवा खाल्लं होतं" म्हणून शंका सोडून देऊ नका.

- पापण्या जड होणं, डोळे नीट न उघडणं
- एकाचे दोन दिसणं, धूसर दिसणं
- तोंडाला खूप कोरड पडणं
- बोलणं अडखळणं, आवाज बदलणं
- गिळायला त्रास होणं
- मानेपासून खाली हात, मग पाय अशक्त होत जाणं
- धाप लागणं, श्वास अपुरा पडणं

सुरुवातीला मळमळ, उलटी, पोटदुखी असू शकते, नंतर बद्धकोष्ठ होतं. ताप सहसा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो. त्यामुळे हा आजार पक्षाघातासारखा वाटू शकतो, किंवा रात्री मण्यार चावल्यासारखा, कारण त्यातही आधी पापण्याच जड होतात. दोन्ही बाजूंना सारखीच लक्षणं असणं आणि एकाच जेवणातल्या दोघा-तिघांना त्रास होणं, या महत्त्वाच्या खुणा आहेत.

असं काही वाटलं तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. गिळायला त्रास होत असेल तर पाणी, लिंबू सरबत, काढा काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मुद्दाम उलटी करवू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा: काय खाल्लं, कधी खाल्लं, सोबत आणखी कोणी खाल्लं. शक्य असेल तर बरणी पिशवीत बंद करून सोबत न्या. ही माहिती तुम्ही दिली नाही, तर निदानाला लागणारा वेळ वाढतो.

या आजारावर प्रतिविष असतं. ते पुढचं नुकसान थांबवतं, पण झालेला अशक्तपणा लगेच परतवत नाही. म्हणून ते जितक्या लवकर मिळेल तितकं चांगलं. काही रुग्णांना अनेक आठवडे व्हेंटिलेटरवर राहावं लागतं, पण वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण बरे होतात. हा आजार एकापासून दुसऱ्याला लागत नाही. मात्र तेच लोणचं खाल्लेल्या घरातल्या सर्वांनी, त्रास नसला तरी, डॉक्टरांना दाखवावं.

लोणचं घालण्यापूर्वी

कृतीत बदल करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जे वगळतेय किंवा वगळतोय, ते चवीसाठी होतं की राखणीसाठी? मसाला असेल तर हवा तसा बदला. मीठ, आंबट किंवा साखर असेल तर बरणी छोटी करा, फ्रिजमध्ये ठेवा, काही दिवसांत संपवा. आणि भाजी आंबट नसेल, तर लिंबू किंवा व्हिनेगर कधीही सोडू नका. डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य त्या माणसाच्या ताटापुरतं असतं. वर्षभराच्या बरणीला तिचं मीठ आणि आंबट पूर्ण मिळू द्या.